शेवटच्या आजारातील आबाळ

"आता घरी न्या, मागतील ते खायला द्या आणि सेवा करा." पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतून बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील अनेक कुटुंबे हे वाक्य ऐकून परत येतात. कर्करोग अंगभर पसरलेला असतो, मूत्रपिंडे निकामी झालेली असतात किंवा पक्षाघाताच्या दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याने शरीर लुळे पडलेले असते. रोग हटविण्याच्या दृष्टीने वैद्यकाच्या हाती फारसे काही उरलेले नसते. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूर सोलापूर रस्त्यावर त्याहूनही पुढे. रोग्याला दारात उतरवून गाडी परत फिरते आणि सरकारी नोंदवहीतील त्या माणसाचे पान तिथेच मिटते. माणूस मात्र आणखी पंधरा दिवस, दोन महिने, कधी वर्षभर जगतो. त्या काळात त्याच्या वाट्याला काय येते, याची चौकशी करणे हे कोणाचेच ठरलेले काम नसते.

विषय अप्रिय आहे. घराच्या आतले बाहेर बोलू नये, हा आपल्याकडील संकेत आणि मरणाविषयी तर मुळीच बोलू नये, हा त्याहून जुना. परंतु शेतमजुराच्या मजुरीविषयी आणि कालव्याच्या पाण्याविषयी बोलणाऱ्या चळवळीला अंथरुणाला खिळलेल्या माणसाविषयी बोलता येत नसेल, तर तिच्या समतेच्या कल्पनेत कोठेतरी उणीव आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे: अशा रोग्याची आबाळ बाहेरच्या माणसालाही ओळखता येते आणि ती ओळखणे हे शेजाऱ्याचे व कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. मात्र तिच्यावरील उपाय, सेवा करणाऱ्या एकट्या बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून सापडणार नाही. तो तिच्या श्रमांची वाटणी करण्यात आहे. जिथे दुष्टावा असेल तिथे कायदा हवा आणि जिथे थकवा असेल तिथे माणूसबळ हवे.

प्रथम आबाळ म्हणजे काय, ते पाहू. सर्वांत उघड खूण म्हणजे शय्याव्रण. एकाच अंगावर तासन्‌तास पडून राहिल्याने माकडहाड, टाचा, खुबे येथील कातडी आधी लाल होते, मग फुटते आणि अखेर जखम हाडापर्यंत जाते. कोरडे पडलेले ओठ, जिभेवरचा जाड थर, वाढलेली नखे, लघवीने भिजून तसेच वाळलेले अंथरूण, आठवड्यापूर्वीचीच मलमपट्टी या पुढच्या खुणा. गोळ्यांची पाकिटे मोजून पाहावीत. महिन्याच्या गोळ्यांपैकी निम्म्या शिल्लक असतील तर रोगी वेदनेत पडून आहे, आणि फार लवकर संपल्या असतील तर त्या दुसरीकडे जात आहेत किंवा रोग्याला गुंगीत ठेवण्यासाठी वापरल्या जात आहेत, अशी शंका घ्यावयास जागा आहे. एक खूण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कपडे वारंवार बदलावे लागू नयेत म्हणून रोग्याला पाणीच कमी पाजले जाते. लघवी गडद व थोडी होते, तोंड कोरडे पडते, भ्रम होऊ लागतो आणि लोक म्हणतात, आता म्हातारी बरळू लागली.

काही खुणा शरीराच्या बाहेर असतात. भेटीस आलेल्यांना दारातूनच परत लावले जाते. विशिष्ट व्यक्ती खोलीत शिरली की रोगी बोलता बोलता गप्प होतो. निवृत्तिवेतनाचे किंवा श्रावणबाळ योजनेचे बँकेचे पुस्तक मुलाच्या खिशात असते आणि घरात औषधाला पैसे नसतात. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाचा अंगठा कोणत्या तरी कागदावर घेण्याची घाई सुरू होते. ऊसबिलावर आणि सातबाऱ्यावर ज्यांचा डोळा आहे, ते अंथरुणाकडे फारसे पाहत नाहीत.

तथापि येथे सावधगिरी हवी. मरणाजवळ आलेले शरीर अन्न नाकारू लागते. अखेरच्या दिवसांत भूक जाते, घोटही गिळवत नाही, वजन घटते. ही आबाळ नव्हे, तो रोगाचा क्रम आहे. अशा वेळी "खायला घालत नाहीत" असा बोभाटा करणारे नातेवाईक सेवा करणाऱ्याचे काळीज विनाकारण सोलतात. शय्याव्रणही कधी कधी उत्तम काळजी घेऊनसुद्धा होते, कारण अखेरीस कातडीचा रक्तपुरवठाच मंदावतो. म्हणून एका खुणेवरून निवाडा करू नये. दोन-तीन खुणा एकत्र दिसतात काय, आठवड्यागणिक त्या वाढत आहेत काय आणि सांगितल्यावर घरात काही बदल होतो काय, हे पाहावे. शिवाय मळलेली चादर ही गरिबाच्या घरी चटकन दिसते. पैसेवाल्याच्या बंगल्यात चादर पांढरी असते आणि माणूस दिवसभर एकही शब्द न ऐकता छताकडे पाहत पडलेला असतो. ती आबाळ आपल्या डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

आबाळीची कारणे तीन असतात. न कळणे, न जमणे आणि न करणे. कूस कशी बदलावी, तोंड कसे पुसावे, गिळता न येणाऱ्याला पाणी कसे द्यावे, हे रुग्णालयाने कोणी शिकविलेलेच नसते, हे पहिले. सर्व कळते, पण एकट्या देहाला ते पेलत नाही, हे दुसरे. आणि कळते, जमतेही, पण मुद्दाम केले जात नाही, हे तिसरे. समाजाची चर्चा नेहमी तिसऱ्याभोवती घुटमळते, कारण त्यात खलनायक सापडतो. पहिल्या दोन कारणांत खलनायक सापडत नाही. तिथे आपण सगळेच सापडतो.

दुसऱ्या कारणाचा हिशेब मांडून पाहू. हलता न येणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, असे शुश्रूषाशास्त्र सांगते. म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा, त्यांतही रात्री दहा ते पहाटे सहा या वेळात चार वेळा. त्यात भरविणे, तोंड धुणे, अंग पुसणे, कपडे बदलणे, औषधे देणे मिळविले तर हे तीन पाळ्यांचे काम होते. घरात ते एक बाई करते आणि तीही स्वयंपाक, जनावरे व रोजगार सांभाळून. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामात ते करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, पुरुष ८८ मिनिटे. घरातील माणसांची निगा राखण्याच्या कामात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया सहभागी होतात आणि २१.४ टक्के पुरुष. मुलगा आईबापांची सेवा करतो असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा सून ती करीत असते. ती सून बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जात असेल किंवा दुसऱ्याच्या रानात खुरपायला, तर तिच्यापुढे दोनच वाटा उरतात. मजुरी सोडावी, नाही तर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा रोग्याला उशाशी तांब्या ठेवून एकटे टाकावे. हाच तांब्या पुढे तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

आबाळीला भूगोलही असतो. नीरेच्या कालव्याखालच्या गावांत पाण्याची ददात नाही. परंतु सुपे, मोरगावच्या जिराईत पट्ट्यात किंवा इंदापुरात कालव्याच्या शेपटाकडच्या गावांत टँकर येण्याच्या दिवसांत घागरी मोजून वापराव्या लागतात. तिथे दिवसाला तीन वेळा भिजणारे अंथरूण कोणत्या पाण्याने धुवावे? मोठ्या माणसाच्या एका डायपरला तीस रुपये धरले आणि दिवसाला तीन लागले, तरी महिन्याचे २७०० रुपये होतात. संजय गांधी निराधार व श्रावणबाळ योजनांचे अनुदान २०२३ मध्ये हजारावरून वाढले, ते दरमहा १५०० रुपयांवर. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा तर ८० वर्षांखालील वृद्धांसाठी २०० रुपयेच राहिला आहे. ज्यांना पगारी मावशी ठेवणे परवडते त्यांच्याकडेही चित्र निराळे नाही. बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीने, ब्युरोला दलाली देऊन, कोणत्याही प्रशिक्षणावाचून राबणारी ती बाई स्वतःच्या घरी कोणाची तरी आबाळ करूनच तेथे आलेली असते.

काळजी नीट घेणे माणसाच्या आवाक्यातले आहे, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. मधली ४१ वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. २०११ मध्ये त्यांच्या दयामरणाच्या अर्जाचा निर्णय देताना, इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झालेला नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने आवर्जून नोंद घेतली आणि परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला. तो गौरव रास्तच होता. पण त्यातील अर्थशास्त्र आपण पाहिले नाही. त्या परिचारिकांची माया खरी होती आणि त्या मायेला पाळीची व्यवस्था, प्रशिक्षण, पगार, धुतलेल्या चादरी आणि देखरेख यांचा आधार होता. एक थकली की दुसरी येत होती. हा आधार काढून घेऊन तीच माया इंदापूर तालुक्यातील एखाद्या वस्तीवरच्या एकट्या सुनेकडून मागणे हा न्याय नव्हे.

आता कायद्याकडे वळू, कारण तिसऱ्या प्रकारच्या आबाळीत त्याचा उपयोग आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा साठ वर्षांवरील व्यक्तीला, आणि आईबापांना वयाची अट न ठेवता, प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरील न्यायाधिकरणाकडे दाद मागू देतो. अर्ज करण्याची शक्ती नसेल तर त्यांच्या वतीने अन्य व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा यांबरोबर वैद्यकीय शुश्रूषाही येते आणि तिची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास, कलम २३ खाली परत मिळविता येते. वृद्ध स्त्रीला घरात छळ सोसावा लागत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही आहे. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत-क्रमांक गावोगाव भिंतीवर लिहिण्यासारखा आहे.

पण या कायद्यांच्या फटीही ध्यानात घ्याव्यात. २००७ च्या कायद्यातील कलम २४ वृद्धाला कोठेतरी सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद सांगते. घरातच, खाटेवरच, तहानलेला ठेवणाऱ्याचे काय, यावर ते मूक आहे. कायदा मुलगा, मुलगी, नातू व नात यांना जबाबदार धरतो. सून त्याच्या व्याख्येत नाही, म्हणजे जी राबते तिला कायदा ओळखतच नाही, दोषासाठीही नाही आणि मदतीसाठीही नाही. चाळिशीतला कर्करोगी, ज्याची मुले अजून शाळेत आहेत, या कायद्याच्या बाहेरच राहतो. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४९१ असहाय माणसाची देखभाल कराराने पत्करून ती टाळणाऱ्यास शिक्षा सांगत होते. त्यातील दंडाची मर्यादा २०० रुपये होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३५७ खाली ५००० झाली. म्हणजे पगारी नोकराची आबाळ तेवढी फौजदारी, आणि राज्यसंस्थेने केलेली आबाळ कोणत्याच कलमात नाही.

राज्यसंस्थेची आबाळ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. असाध्य रोग्याची वेदना शमविण्याच्या शास्त्राला जगात पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. १९६७ मध्ये लंडनला सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन उभे राहिले. पुण्यात वारज्याला सिप्ला कंपनीच्या न्यासाचे केंद्र १९९७ पासून आहे. केंद्र सरकारने २०१२ मध्ये यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखला, २०१७ च्या आरोग्य धोरणात त्याला स्थान दिले आणि २०१८ पासून गावपातळीवरील आरोग्य केंद्रांच्या, म्हणजे २०२३ मध्ये ज्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले त्यांच्या, सेवांच्या यादीत ही सेवा घातली. कागदावर ती उपकेंद्राच्या दारापर्यंत आलेली आहे. दारातून आत किती आली, हे ज्या त्या गावच्या कार्यकर्त्याने स्वतः जाऊन पाहावे.

मॉर्फिनची गोष्ट तर अधिकच लाजिरवाणी आहे. कायदेशीर अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. गाझीपूर व नीमच येथे सरकारचे स्वतःचे अफू कारखाने आहेत. असे असता १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे स्वतःच्याच रोग्यांना ही स्वस्त गोळी दुर्मिळ झाली. २०१४ मध्ये कायदा सुधारला, परवाना सोपा झाला, पण डॉक्टरांच्या व घरच्यांच्या मनातील भीती गेली नाही. वेदनेने रात्रभर ओरडणाऱ्या रोग्याची सेवा दहा दिवस करून पाहावी, म्हणजे चांगल्या स्वभावाच्या माणसाचाही हात कसा उगारला जातो ते कळेल. पुष्कळशी आबाळ ही न शमविलेल्या वेदनेची संतती आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून सरकार शस्त्रक्रियेसाठी आणि रुग्णालयातील खाटेसाठी लाखो रुपये मोजते. घरातल्या खाटेसाठी त्यात काही नाही.

केरळने दुसरा मार्ग दाखविला. १९९३ मध्ये कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची संस्था काढली. पुढे मलप्पुरम व आसपासच्या भागात शेजाऱ्यांचीच जाळी विणली गेली. विद्यार्थी, दुकानदार, गृहिणी, मजूर यांना थोडे प्रशिक्षण देऊन आठवड्याचे काही तास मागून घेतले. २००८ मध्ये राज्य सरकारने धोरण जाहीर केले आणि गृहभेटी देणाऱ्या परिचारिकेची व्यवस्था पंचायतींकडे आली. परिचारिका घरी येते तेव्हा ती रोग्याबरोबर सेवा करणारीलाही पाहते. जखम पहिल्याच आठवड्यात लाल असतानाच दिसते. आबाळ सिद्ध करण्याची वेळ येण्याआधीच ती टळते.

बारामती-इंदापुरात हे का होऊ नये? पैशाची सबब येथे तरी कोणी सांगू नये. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांच्या परिसरात ऊसबिलातून कपाती करून संस्था उभारण्याची परंपरा जुनी आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत, हे तत्त्व राज्याने मान्य केले आहे. हंगामात दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याने टनामागे फक्त १ रुपया बाजूला काढला, तर १० लाख रुपये होतात. महिना पंचवीस हजार रुपयांप्रमाणे दोन परिचारिकांचा वर्षाचा पगार सहा लाख होतो. उरलेल्या चार लाखांत एक वाहन भाड्याने घेता येईल आणि हवेच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या, वॉकर यांची एक साहित्य-पेढी चालविता येईल. त्या पेढीचा व परिचारिकेचा लाभ कोपीत राहणाऱ्या तोडणी कामगाराच्या आजारी बापालाही मिळाला पाहिजे, कारण तो या गावच्या कोणत्याच यादीत नसतो.

सरकारकडे मागावयाचे ते असे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अंथरुणाला खिळलेल्यांची नोंदवही आणि दर आठवड्याला गृहभेट असावी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि दोन्ही तालुक्यांच्या उपजिल्हा रुग्णालयांत मॉर्फिन व ते लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर ठरलेल्या दिवशी हमखास मिळावेत. रोग्याला घरी पाठविण्याआधी सेवा करणाऱ्या व्यक्तीला दोन दिवस प्रत्यक्ष शिकवावे. घरी पूर्ण वेळ सेवा करणाऱ्याला भत्ता द्यावा. ही कामे आशांवर फुकट लादू नयेत. मानधनाच्या नावाखाली त्यांचे श्रम आधीच स्वस्तात घेतले गेले आहेत. एका बाईचे ओझे दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवले म्हणजे ओझे हलके होत नाही.

कार्यकर्त्यांना तूर्त सांगावयाचे ते एवढेच. अशा घरी जा आणि पुन्हा जा, कारण एका भेटीत काहीच कळत नाही. रोग्याशी एकट्याने बोला. सेवा करणारीशीही एकट्याने बोला आणि तिला पहिला प्रश्न तिच्या झोपेविषयी विचारा. पाठ व टाचा पाहावयाच्या तर रोग्याची परवानगी घ्या. छायाचित्रे काढून गावच्या व्हॉट्सॲपवर मुळीच टाकू नका. ज्याला कळत नाही त्याला परिचारिकेकडून शिकवा. जिथे पेलवत नाही तिथे भाऊबंद, शेजारी, मंडळातील पोरे यांच्या पाळ्या लावा आणि पाळीत पुरुषांची नावे आधी घाला. मारहाण, कोंडून ठेवणे, उपाशी ठेवणे, अंगठे उमटवून घेणे दिसले तर मात्र भाऊबंदकीची भीड धरू नका. वैद्यकीय अधिकाऱ्याला आणून लेखी नोंद करवा, पोलिसांना कळवा, प्रांत कचेरीत अर्ज द्या. रोग्याला शुद्ध असेल तर निर्णय त्याचा आहे. पुष्कळांना दुःख सोसूनही आपलेच घर हवे असते, त्या इच्छेचा मान राखून घराची स्थिती सुधारणे हेच मग आपले काम होते.

हे समाजसेवेचे काम झाले, राजकारणाचे नव्हे, असे आपल्यापैकी काहीजण म्हणतील. घरातील न मोजलेल्या श्रमांवर रुग्णालयांचा, कारखान्यांचा आणि सरकारी अर्थसंकल्पाचा किती भार रोज उतरविला जातो, हे ज्याने पाहिले तो असे म्हणणार नाही. येत्या गाळप हंगामाच्या आधी या दोन तालुक्यांतील प्रत्येक शाखेने आपल्या गावातील अंथरुणाला खिळलेल्यांची आणि त्यांची सेवा करणाऱ्यांची, अशा दोन याद्या तयार कराव्यात. पहिली यादी आरोग्य केंद्राला द्यावी, दुसरी ग्रामसभेपुढे ठेवावी, आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत त्या एका रुपयाचा ठराव मांडावा.